घाबरतं पात्र, हसतो वाचक: रक्तबंबाळ क्रीचर हॉररची गोडी कशात आहे

एक भलामोठा, बिनडोळ्यांचा जीव एका माणसाला अख्खा गिळतो. अर्ध्या मिनिटाने त्याच्या घशात घरघर होते आणि तो दोन बूट बाहेर थुंकतो. बूट चिकट झालेत, आतून लाल झालेत, पण नाड्यांच्या गाठी सकाळी बांधल्या तशाच आहेत. हे वाचताना पोटात ढवळतं, मान आपसूक मागे जाते आणि तेवढ्यात हसूही फुटतं. मग त्या हसण्यानेच आपण चपापतो. एक माणूस जिवानिशी गेला आणि आपण नाड्यांच्या गाठींना हसलो.

किळस, भीती आणि हसू एकाच क्षणात आणणारा हा कथाप्रकार. राक्षसी जीव, रक्तमांसाचा सडा आणि काळा विनोद ही त्याची सामग्री. ज्यांना तो आवडतो त्यांना ‘असलं काय वाचता?’ हे हमखास ऐकावं लागतं, आणि बहुतेकांना नीट सांगता येत नाही. उत्तर मात्र आहे. थोडं रसशास्त्रात, थोडं शरीरात आणि बरंचसं लेखनाच्या कारागिरीत. बूट थुंकणारा हा जीव उदाहरण म्हणून शेवटपर्यंत सोबत ठेवू.

दोन वैरी रस

भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांपैकी तीन इथे थेट कामाचे आहेत: भयानक, बीभत्स आणि हास्य. त्यांचे स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेल्या भावना: भय, जुगुप्सा म्हणजे किळस, आणि हास. भरत म्हणतो, बीभत्सातून भयानक उपजतो. म्हणजे रक्त-आतडी आणि भीती ही जोडी जुनीच आहे, तिच्यात नवल नाही. अडचण हास्याची. 14व्या शतकातल्या ‘साहित्यदर्पणा’त विश्वनाथाने कुठल्या रसाचं कुणाशी पटत नाही ते सांगितलंय, आणि तिथे हास्याचे वैरी दोन आहेत: भयानक आणि करुण. रोजचा अनुभवही तोच. भेदरलेल्या माणसाला विनोद ऐकू येत नाही, आणि पोट धरून हसणाऱ्याला घाबरवता येत नाही.

मग हे वैरी एका पानावर कसे नांदतात? तोडगा 9व्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगून ठेवलाय. विरोधी रस एकत्र आणायचे तर एक तर त्यांचे आश्रय वेगळे करा, नाही तर दोघांच्या मध्ये तिसरा रस घाला. आश्रय म्हणजे ती भावना ज्याच्या मनात उठते तो. आनंदवर्धनासमोर नायक आणि त्याचा शत्रू होते: उत्साह एकाचा, भय दुसऱ्याचं. हॉरर कॉमेडी हाच तोडगा पात्र आणि वाचक यांच्यात वापरते. भय पात्राचं, हसू वाचकाचं. पात्र जिवाच्या आकांताने पळत असतं आणि वाचक खुर्चीत बसून, जरा अंतरावरून, ते बघत असतो. पात्रच स्वतःच्या मरणावर कोट्या करू लागलं की दोन्ही भावनांचा आश्रय एक होतो आणि शास्त्रकारांनी सांगितलेलं भांडण सुरू होतं. भीती जाते, आणि तिच्यामागोमाग हसूही. या प्रकारातल्या फसलेल्या कथा बहुतेक वेळा इथेच फसतात.

मधला तिसरा रस म्हणजे अद्भुत. किंकाळी आणि हशा यांच्यामध्ये एक क्षण निव्वळ ‘हे आहे तरी काय?’ असा असतो. तो क्षण जीव पुरवतो. म्हणून वाचकाने शंभरदा पाहिलेल्या जीवापेक्षा नवा जीव या मिश्रणात जास्त चालतो.

शरीरात काय घडतं

भीतीच्या प्रसंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, हातापायांचे स्नायू ताणले जातात. पुस्तक वाचताना हे कमी प्रमाणात होतं, पण होतं. ही उत्तेजना लगेच ओसरत नाही, आणि पुढे जी भावना येईल तिच्यात ती मिसळते. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी 1970च्या दशकात हा विचार मांडला. म्हणूनच एरवी ज्या वाक्याला जेमतेम स्मित मिळालं असतं, त्याच वाक्याला घाबरून झाल्यावर खळखळून हसू येतं. शरीर आधीच तापलेलं असतं, विनोदाला नुसती ठिणगी पुरते.

यातून लेखकाला एक पक्का हिशेब मिळतो: विनोद भीतीच्या कळसानंतर एक-दोन ओळींनी ठेवायचा. कळसाच्या आधी ठेवला तर तो वाफ काढून टाकतो. फार उशिरा, म्हणजे पानभराने ठेवला, तर तोवर शरीर थंड झालेलं असतं.

पॅरिसमधल्या ग्रां गिन्योल नाट्यगृहाने हा हिशेब कुठल्याही सिद्धांताआधी हेरला होता. 1897 ते 1962 अशी 65 वर्षं चाललेलं हे जेमतेम तीनशे खुर्च्यांचं थिएटर. एका रात्रीत अनेक छोटी नाटकं होत, आणि गळे चिरणाऱ्या, डोळे काढणाऱ्या भयनाट्यानंतर लगेच प्रहसन असे. गरम-थंड पाण्याच्या आलटून पालटून आंघोळीची उपमा या पद्धतीला तिथे दिली जाई. लागोपाठ दोन भयनाट्यं ठेवली तर दुसरं बोथट होतं, मध्ये हसवलं तर प्रेक्षक पुन्हा ताजा होऊन घाबरायला तयार होतो. कथेत हेच नाटकांऐवजी परिच्छेदांत करायचं असतं.

भीतीची मात्रा किती असावी यावर डेन्मार्कमध्ये एक छान प्रयोग झाला आणि 2020 साली प्रसिद्ध झाला. भीती दाखवणाऱ्या ‘हाँटेड हाऊस’मध्ये जाणाऱ्या 110 लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले, कॅमेऱ्यांनी त्यांचे चेहरे टिपले आणि किती भीती वाटली, किती मजा आली ते विचारलं. आलेख उलट्या वाटीसारखा निघाला. भीती फार कमी तर मजा कमी, भीती फार जास्त तरीही मजा कमी, आणि मध्यावर कुठेतरी सर्वांत जास्त. प्रत्येकाचा हा मध्य वेगळ्या ठिकाणी असतो. एकाच गोष्टीवर एक वाचक जांभया देतो आणि दुसरा पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवून येतो, त्याचं कारण हे. विनोद इथे नळाच्या चावीसारखा उपयोगी पडतो: भीती मध्याच्या पलीकडे चालली की तो तिला थोडी आवळतो.

किळस मात्र वेगळ्या वाटेने येते आणि ती बुद्धीचं ऐकत नाही. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मेलेलं, पूर्णपणे निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. रसाला काहीही झालेलं नाही हे कळत असूनही तो लोकांना नकोसा झाला. किळस हा शरीराचा जुना पहारेकरी आहे. रक्त, शेंबूड, पू, सडकं मांस, अळ्या ही सगळी रोग शिरण्याची दारं, आणि एखादं चांगलं अन्न वाया गेलं तरी चालेल पण एकही वाईट घास आत जाता कामा नये, असा त्याचा हिशेब. त्याला छापील शब्द आणि खरी वस्तू यांतला फरक नीट कळत नाही. ‘कोमट’ आणि ‘बुळबुळीत’ हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा.

मग अशा नकोशा भावनेची मजा का वाटावी? रोझिन यांनी यालाही नाव दिलंय, ‘बिनधोक आत्मपीडन’ असं मराठीत म्हणता येईल. शरीर ‘धोका, धोका’ म्हणून ओरडतं आणि मनाला ठाऊक असतं की धोका नाही. आपण शरीराला फसवलं याचंच एक सुख असतं. झणझणीत मिरची, उंच पाळणा, रडवणारं गाणं आणि आतडी बाहेर काढणारा जीव एकाच पंगतीत बसतात. हसण्याचंही असंच. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी 2010 साली मांडलं की एखादी गोष्ट एकाच वेळी ‘हे चुकीचं आहे’ आणि ‘पण याने कुणाचं काही बिघडत नाही’ अशी वाटली की हसू येतं. कागदावरच्या रक्तात दोन्ही अटी एकदम पुऱ्या होतात.

मारणारा माणूस नको, जीव हवा

इथे एक प्रश्न उरतो. हेच रक्त, हीच आतडी एखाद्या खुनी माणसाने काढली तर हसू का येत नाही? काही लेखक ते जमवतात, पण फार घासाघीस करून. जीवाच्या बाबतीत ते सहज होतं, कारण भूक म्हणजे क्रौर्य नव्हे. खुन्याच्या मनात हेतू असतो, आणि हेतू दिसला की वाचक न्यायाधीश होतो: याला शिक्षा झाली पाहिजे, त्या बिचाऱ्यावर अन्याय झाला. न्यायासनावर बसलेला माणूस हसत नाही. जीव मात्र कुणाचा द्वेष करत नाही. त्याला साहेब आणि शिपाई सारखेच लागतात. मरण अपघातासारखं, पावसासारखं येतं आणि माणसाची सगळी प्रतिष्ठा, पद, वादविवाद एका घासात निरर्थक होतात. या विसंगतीतच काळ्या विनोदाचं मूळ आहे.

नोएल कॅरोल या तत्त्वज्ञाने 1990 मध्ये हॉररमधल्या राक्षसाची व्याख्या दोन अटींत केली: तो धोकादायक हवा आणि अशुद्ध हवा. अशुद्ध म्हणजे आपल्या ठरलेल्या खणांत न बसणारा. धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. अर्धा कीटक, अर्धा माणूस. आतलं बाहेर आलेला. पुढे 1999च्या एका निबंधात त्यांनी दाखवलं की विदूषकही असाच खणांत न बसणारा असतो, नाक प्रमाणाबाहेर मोठं, पाय वेडेवाकडे, मार खाऊनही न मरणारा. राक्षसातून धोका काढून घ्या, हातात विदूषक उरतो. विदूषकात धोका घाला, राक्षस तयार. हॉरर कॉमेडीचा लेखक धोक्याची ही चावी दर पानाला थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवत असतो. म्हणूनच जीवाच्या शरीरात काहीतरी थोडं हास्यास्पद असणं हा दोष नाही. आपला जीव तीन मजली इमारतीएवढा लांब आहे, पण त्याला रबर पचत नाही. बाळाने नको असलेली भाजी काढून ठेवावी तसे तो बूट काढून ठेवतो.

जीव घडवताना

भूत कसंही वागू शकतं, कारण त्याला शरीर नाही. जीवाला शरीर आहे, म्हणजे तो खातो, हगतो, झोपतो, पिल्लं घालतो, आणि या सगळ्याला नियम लागतात. नियम जितके थोडे आणि पक्के तितकं उत्तम. लघुकथेला दोन पुरतात, कादंबरीला चार-पाच. आपल्या जीवाचे दोन: त्याला दिसत नाही, पाण्यातल्या हालचालीवरून तो शिकार ओळखतो; आणि त्याला रबर पचत नाही.

आकाराचं गणित मात्र आधी करून घ्यावं. एखादा कीटक लांबी-रुंदी-उंचीत दहापट मोठा केला तर त्याचं वजन हजारपट होतं, पण पायांचा आडवा छेद फक्त शंभरपट. त्याच पायांवर दहापट भार येतो आणि ते मोडतात. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1926 सालच्या एका निबंधात हे इतकं सोपं करून सांगितलंय की राक्षस लिहिणाऱ्याने ते तोंडपाठच करावं. याला वाटा आहेत: जीव पाण्यात ठेवा, म्हणजे पाणी वजन पेलतं, नाही तर पाय काढून टाका. आपला जीव बिनपायांचा आहे आणि एका कार्यालयाच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये, कंबरभर तुंबलेल्या पाण्यात राहतो. शरीरशास्त्राची गरज होती म्हणून पाणी आलं, आणि पाण्याने कथेला जागा दिली, अंधार दिला, पंप दुरुस्त करणारा माणूस दिला. चांगले नियम असेच कामाला येतात.

तपशील हवे असतील तर निसर्गात तयार आहेत. मोरे ईलच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येऊन भक्ष्य पकडते आणि आत ओढते. हे 2007 साली पहिल्यांदा नीट टिपलं गेलं. एक समुद्री परजीवी माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतो, जिभेला चिकटून तिचं रक्त शोषतो, जीभ झडते आणि मग तो स्वतःच जिभेच्या जागी राहतो. एक हिरवी गांधीलमाशी झुरळाच्या मेंदूत नेमक्या जागी डंख मारते. झुरळाला चालता येतं, पण स्वतःहून चालावंसं वाटत नाही. मग ती त्याची मिशी धरून, दावं धरून गाय न्यावी तशी, त्याला बिळात नेते आणि त्याच्यावर अंडं घालते. यातला एकेक तपशील किळसवाणा आहे, विलक्षण आहे आणि थोडा गमतीदारही. तिन्ही रस निसर्गानेच कालवून ठेवलेत.

रक्त किती आणि कुठलं

नाट्यशास्त्राने बीभत्साचे प्रकार सांगितलेत, त्यातले दोन इथे मोलाचे. क्षोभज म्हणजे रक्त वगैरेंमुळे होणारा, आणि उद्वेगी म्हणजे विष्ठा, कृमी यांच्यामुळे होणारा. आजच्या भाषेत रक्ताचे फवारे एकीकडे, चिकट-बुळबुळीत एकीकडे. दोन्हींचा परिणाम वेगळा. क्षोभज झटक्यात येतो आणि झटक्यात ओसरतो, म्हणून त्याला विनोद जोडणं सोपं. उद्वेगी हळूहळू चढतो आणि चिकटून राहतो. त्याच्यावर लगेच विनोद केला तर वाचकाचं तोंड अजून वाकडंच असतं. उद्वेगीनंतर अर्धा परिच्छेद जाऊ द्यावा. आणि दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नयेत, एकामुळे दुसरा दिसेनासा होतो.

प्रमाणाचं भान हवं. प्रौढ माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं. 15 टक्क्यांपर्यंत गेलं तर माणूस बराचसा ठीक असतो, 30 टक्क्यांच्या पुढे रक्तदाब कोसळतो आणि भान हरपू लागतं, 40 टक्के म्हणजे सुमारे 2 लिटर गेलं आणि तातडीने उपचार झाले नाहीत तर माणूस जातो. म्हणून मांडीची रोहिणी तुटलेलं पात्र पानभर निरोपाचं भाषण करू लागलं की वाचक मनातल्या मनात उठून जातो. दुसरीकडे, फरशीवर सांडलेलं पेलाभर रक्तसुद्धा डोळ्याला भयंकर दिसतं. वास्तवाच्या सुरात लिहायचं असेल तर पेलाभर पुरे. अतिशयोक्तीच्या सुरात लिहायचं असेल तर पन्नास लिटर ओता, छतावरून ठिबकू द्या, दिवे लाल होऊ द्या. वाचक लगेच ओळखतो की इथे वेगळा नियम चालू आहे. फसतं ते मधलं प्रमाण. दहा लिटर रक्त ना खरं वाटतं, ना मुद्दाम केलेलं. ते लेखकाची चूक वाटतं.

आता एकच प्रसंग दोनदा बघू. पहिला खर्डा असा:

‘त्या अक्राळविक्राळ राक्षसाने आपल्या तीक्ष्ण दातांनी त्याच्या शरीराच्या चिंधड्या उडवल्या. रक्ताचे पाट वाहू लागले. सगळीकडे मांसाचे लचके विखुरले. ते दृश्य अंगावर काटा आणणारं होतं.’

यात काहीच दिसत नाही. चिंधड्या, पाट, लचके हे शब्द इतके घासलेले आहेत की वाचकाची नजर त्यांवरून घरंगळत जाते. शेवटचं वाक्य तर काटा आणण्याचं काम वाचकावरच सोपवतं. आता दुसरा:

‘जीवाने कारकुनाला डोक्याकडून घेतलं. खांद्यांपाशी तो अडला. जीव थांबला. जबड्याची डावी बाजू थोडी पुढे सरकली, मग उजवी, मग पुन्हा डावी. कट्ट असा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या खांद्याकडून तसाच. कारकुनाचा उजवा हात अजून बाहेर होता आणि त्या हातात हजेरीचं रजिस्टर होतं. पाणी कमरेएवढं होतं. हात शेवटपर्यंत वर राहिला. रजिस्टर कोरडं राहिलं.’

रक्ताचा एक थेंब नाही, तरी हा खर्डा जास्त अंगावर येतो. जबड्याची चाल सापाकडून घेतली आहे. साप जबडा निखळवतो असं म्हणतात ते खरं नाही. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग लवचीक बंधाने जोडलेले असतात आणि ते आळीपाळीने पुढे सरकतात. हा तपशील खरा असल्यामुळे वाक्याला वजन येतं. ‘कट्ट’ एवढंच लिहिलंय, कुठलं हाड मोडलं ते वाचक स्वतःच्या खांद्यावर ठरवतो. आणि हसू येतं ते रजिस्टरला, पण तो माणूस मूर्ख आहे म्हणून नव्हे. आयुष्यभराची सवय मरणातही सुटली नाही, याचं ते हसू. त्यात माया आहे. या प्रकारातलं चांगलं हसू असंच असतं, मरणाऱ्याची टिंगल न करणारं. मरणाऱ्याला आधी पुरेसं माणूस केलेलं नसेल तर हे जमत नाही. त्यासाठी फार लागत नाही: एक सवय, एक काळजी, एक वाक्य. कारकून दोन पानं आधी कुणाला तरी रजिस्टर ओलं हाताळल्याबद्दल रागावलेला असला की झालं.

एकच नियम, तीन रस

नियम एकदा ठरला की तो पुनःपुन्हा वापरायचा, पण प्रत्येक वेळी त्यातून वेगळी भावना काढायची. आपला रबराचा नियम घ्या.

पहिल्यांदा तो भीतीसाठी. अजून जीव कुणी पाहिलेला नाही. विजेरीच्या उजेडात काळ्या पाण्यावरून दोन बूट तरंगत येतात, गाठी बांधलेल्या. थोड्या वेळाने आणखी दोन. कुणीतरी मोजायला लागतं. इथे लेखकाने काहीही समजावून सांगू नये.

दुसऱ्यांदा विनोदासाठी. पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मांड्यांपर्यंतचे गमबूट घातलेत. जीव त्याला पायांकडून मांडीपर्यंत घेतो, तोंड वाकडं करतो आणि कपाटावर भिरकावतो. असं तीनदा होतं. प्रत्येक वेळी तो माणूस जिवाच्या आकांताने ओरडलेला असतो, त्यामुळे त्याची खात्री पटते की जीव ओरडण्याला घाबरतो. तो कपाटावरून सगळ्यांना सांगतो, ‘ओरडा! ओरडलं की सोडतो!’ त्याच्यावर विश्वास ठेवून साहेब छाती भरून ओरडतात. साहेबांच्या पायांत चामडी चपला आहेत. वाचकाला हे आधीच्या पानावरून ठाऊक आहे, पात्रांपैकी कुणालाच नाही. आनंदवर्धनाचा वेगळा आश्रय म्हणजे व्यवहारात हेच: माहिती वाचकाकडे, भीती पात्राकडे. पंपवाला विनोद करत नाही, तो खरंच सगळ्यांचे प्राण वाचवायचा प्रयत्न करतोय. म्हणून हसू येतं आणि म्हणूनच साहेबांसाठी वाईटही वाटतं.

तिसऱ्यांदा करुणासाठी. पाण्यावरून एक लहान मुलाचा बूट येतो. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी त्या दिवशी मुलीला सोबत आणलं होतं, हे सुरुवातीला ओझरतं येऊन गेलंय. हास्याचा दुसरा वैरी करुण, हे विसरू नये: इथे एकही विनोद चालणार नाही, आसपासच्या पानभरात नाही. पण बूट एकच आहे. आजवर ते जोडीनेच आले होते. बाई तो हातात घेऊन दुसऱ्याची वाट बघतात. दुसरा येत नाही, आणि तो येत नाही हीच आशा. शोध सुरू होतो.

नियम मोडला की वाचक माफ करत नाही. शेवटी सोय म्हणून जीवाने गमबूट घातलेल्याला पचवलं, तर आधीची तिन्ही पानं खोटी ठरतात. नियमात पळवाट मात्र काढता येते: गमबुटाला आधीपासून एक भोक असू शकतं, फक्त ते भोक वाचकाने आधी पाहिलेलं हवं.

मरणांची संख्या हाही नेहमीचा खड्डा. तीन हजार शब्दांच्या कथेत तीन मृत्यू भरपूर होतात. पहिला पाचशे शब्दांच्या आत, म्हणजे वाचकाला कळतं की इथे खरंच माणसं मरतात. प्रत्येकाची रीत वेगळी हवी आणि प्रत्येकाने जीवाबद्दल काहीतरी नवं सांगायला हवं. चौथं मरण तिसऱ्यासारखंच असेल तर ते कापावं, लिहिताना कितीही मजा आली असली तरी. सवयीने किळस बोथट होते, आणि बोथट झालेली किळस ओरडून तीक्ष्ण करता येत नाही.

कुणासाठी नाही

सगळ्यांना हे आवडलंच पाहिजे असं अजिबात नाही. साधारण 3 ते 4 टक्के लोकांना रक्त-जखमेची तीव्र भीती असते, आणि ती इतर भीतींपेक्षा वेगळी वागते. आधी ठोके वाढतात आणि मग रक्तदाब एकदम घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतोही. वाचताना किंवा बघताना असं होऊ लागलं तर हात, पाय आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळावेत, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद सैल सोडावेत. असं पाचेक वेळा. याने रक्तदाब वर येतो. या भीतीवरच्या उपचारांतही हेच शिकवतात. ज्यांच्या घरात नुकताच अपघात किंवा मृत्यू झालाय त्यांच्यासाठी तर ‘याने कुणाचं काही बिघडत नाही’ ही अटच पुरी होत नाही. त्यांना हसू येत नाही, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

ज्यांना आवडतं त्यांच्या मनात काही बिघाड आहे, हा समज मात्र सोडून द्यावा. कोविडच्या साथीत 310 लोकांची पाहणी झाली आणि 2021 साली प्रसिद्ध झाली. हॉररचे चाहते त्या काळात इतरांपेक्षा कमी खचलेले आढळले. हॉररमुळेच ते कणखर झाले असं त्यावरून सिद्ध होत नाही. कणखर माणसंच हॉररकडे वळत असतील. पण भीतीत बसायचा आणि तिच्यातून बाहेर यायचा सराव या वाचकांना असतो, एवढं त्यांच्या वाचनाकडे बघून कुणालाही दिसेल.

शेवटचं पान

जीव मेला, सगळे बाहेर आले आणि मग कोपऱ्यात एक अंडं हललं, हा शेवट इतका वापरला गेलाय की वाचक ते अंडं आधीच शोधून ठेवतो. त्याने भीतीही वाटत नाही आणि हसूही येत नाही, कारण त्यात पात्रं कुठेच नसतात. शेवटही नियमातूनच काढावा. आपल्या कथेत बाई आणि मुलगी बचावतात. त्या रात्री बाई घरी येतात, मुलीला झोपवतात, सवयीने दारात चपला काढतात. थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. मग पंपवाल्याचे गमबूट घालून पलंगावर आडव्या होतात. नवरा काही विचारत नाही. तो फक्त पांघरूण थोडं खाली ओढतो, बूट झाकले जातील एवढं.